कूलरमधला फेस

आधी तिला वाटलं, साबणाचा फेस आहे. सकाळी उज्वलाने गॅलरीत कपडे पिळले होते, त्यातलाच उडून बसला असेल. कूलरच्या आत, टाकीतल्या पाण्यापासून वीतभर वर, पत्र्याला चिकटलेला पांढरा गोळा. पुसून टाकावा म्हणून कुंताबाईने हात घातला आणि तसाच मागे ओढला. साबणाचा फेस हात लागला की बसतो. हा बसला नाही. वरून किंचित वाळलेला, आतून ओला, आणि बोट काढताना त्याची लांब तार सुटून आली. तिने काळा चष्मा कपाळावर सारला. ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्याला अजून उजेड सोसत नव्हता, पण दिसत होतं. पांढरं इतकं पांढरं असतं हे आपण किती वर्षं विसरून बसलो होतो, असं वाटण्याइतकं दिसत होतं. फेसात पिवळसर दाणे होते, ज्वारीच्या दाण्याहून बारीक. ओळख पटली, पण जागा चुकल्यासारखी वाटली. हे वावरातल्या हौदावर असतं. भाजी धुवायच्या हौदाच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या जरा वर. अंडी तिथेच फुटतात आणि पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. इथे सावंगीला, दुसऱ्या मजल्यावर, लोखंडी कूलरमध्ये हे आलं कुठून? मग तिला गॅलरीतून खाली गेलेला पाण्याचा पाईप दिसला. पाईप धरून एखादी बेडकी वर आली असेल. पाण्याचा वास आला असेल तिला. कूलरलाच हौद समजली बिचारी.

मोतीबिंदू काढल्यापासून कुंताबाईचे दिवस असेच चालले होते. एखाद्या बारीकशा गोष्टीपाशी जाऊन अडायचे आणि तिथून हलायचे नाहीत. दवाखान्यातल्या बाईने बजावून सांगितलं होतं, वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धुळीत जायचं नाही, इतक्यात गावाचं नाव काढायचं नाही. म्हणून कैलासने आईला आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. जन्मभर वाकून जगलेली बाई. निंदण वाकून, तोडणी वाकून, जुड्या बांधायच्या त्याही उकिडवं बसून. आता ताठ राहायचं. ताठ राहून माणसाने दिवसभर करायचं काय? ती खोलीतून गॅलरीत यायची, गॅलरीतून स्वयंपाकघरात जायची, उज्वला म्हणायची, आई, बसा ना जरा. मग बसायची. बसली की हात मांडीवर पडून राहायचे, आणि त्यांच्याकडे पाहून तिला कसंतरी व्हायचं. कोणी दुसऱ्याचे हात सांभाळायला दिल्यासारखे. खाली रस्त्यावरून डॉक्टरकी शिकणारी पोरं-पोरी पांढरे कोट हातावर टाकून जायची. गाड्या जायच्या. एकाही माणसाच्या डोक्यावर ओझं नाही. देवळीकडच्या गावात, तिच्या वावरात, या वेळी काय चाललं असेल? खुशाल, तिचा नवरा, एकटा होता. फोनवर विचारलं की म्हणायचा, "सगळं बराबर हाय. तू डोळा सांभाळ." सगळं बराबर असतं तर इतक्या पटकन सांगून मोकळा झाला असता का?

कैलासने त्या संध्याकाळीच कूलर काढायला घेतला. मेडिकलच्या लॅबमध्ये नोकरी, घरी येईपर्यंत थकून जायचा, म्हणून पावसाळा लागून इतके दिवस झाले तरी कूलर गॅलरीतच होता. तो टाकी कलंडवायला वाकला तशी कुंताबाई आडवी आली.

"राहू दे. त्याच्यात अंडी हाय."

"कायची?"

"बेडकाची."

कैलासने आत डोकावून पाहिलं आणि हसला. "अवं आई, तुले डोळ्यात थेंब टाकाचे याद राहत नाई, मी रोज फोन करून सांगतो. अन् बेडकाचे लेकरं बराबर याद राहतात?"

"टाकले मी थेंब."

"दोन टाकाचे होते. एकच टाकला अशीन."

"पिल्लं पडू दे पाण्यात. मंग तू कूलर ने नाईतर विहिरीत टाक."

तो नाइलाजाने हात धुवायला गेला. आतून त्याचा आवाज ऐकू आला, "उज्वला, आता आपल्या घरी दोन बाळंतपणं हाय." उज्वलाला चौथा महिना होता. तिने आतूनच काहीतरी फेकून मारल्याचा आवाज आला, बहुधा रुमाल असावा, कारण पाठोपाठ दोघं हसली. कुंताबाई गॅलरीतच उभी राहिली. वावरात असताना तिने अशा फेसाकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. सासू तर खराट्याने खरडून काढायची. मग आताच आपल्याला हे काय सुचलं? हाताला काम लागलं होतं, एवढं खरं. वारा लागून फेस वाळू नये म्हणून ती ओला फडका कूलरवर टाकायची, वाकायचं नसल्यामुळे स्टूल ओढून बसायची, बोटाने चार शिंतोडे उडवायची. नळाच्या पाण्याला पावडरीचा वास यायचा, म्हणून ते आधी बादलीत ठेवून शिळं करायची. रात्री झोपेतून जागी झाली की पहिल्यांदा वावर आठवण्याऐवजी कूलर आठवायचा, आणि आपण घर विसरत चाललो की काय या विचाराने ती पुन्हा बराच वेळ तळमळत राहायची.

एका सकाळी फेस मधोमध खचला होता आणि पाण्यात स्वल्पविरामासारखी पिल्लं वळवळत होती. काळी कुठे, राखाडी कुठे, सगळं शेपूट आणि डोकं. ती उज्वलाला हाक मारायला गेली आणि दारातच थांबली. उज्वला बेसिनवर वाकून उलटी करत होती. हिला वाकायला मुभा आहे, असा भलताच विचार तिच्या मनात येऊन गेला. तिने सुनेच्या पाठीवर हात फिरवला. मग दोघी गॅलरीत आल्या.

"ईऽ, बेडूकमासे," उज्वला म्हणाली. ती देवळीची, शाळेत शिकवायची, सध्या उलट्यांमुळे रजेवर होती. "मी पोरांना याचं चित्र काढायला लावते, आई. खरे आजच पाहून राहिली."

"चित्रात पाय असते का यायले?"

"शेवटच्या चित्रात असतात."

"मंग तोवर ठेवू."

त्या दिवसापासून उज्वलाही दुपारी तिथे येऊन बसू लागली. एका स्टीलच्या डब्यात थोडं पाणी घेऊन तिने चार-पाच पिल्लं वेगळी काढली, टेबलावर ठेवून पाहता यावीत म्हणून. कपडे धुताना गॅलरीचा नळ ती आता हळू सोडायची. सासू-सुनेचं आधी फारसं बोलणं नव्हतं. भांडणही नव्हतं. सणाला गावी आलेली सून आणि भाजीच्या घाईत असलेली सासू यांच्यात जेवढं बोलणं होतं तेवढंच. आता पिल्लांवरून होऊ लागलं. यांना भूक लागत असेल का, ही एकमेकांना खातात का, आई कोण ते यांना कळतं का. "कळून करतीन काय?" कुंताबाई म्हणाली, आणि उज्वला इतकी हसली की तिला पुन्हा मळमळलं.

मग आरोग्याच्या बाया आल्या. घरोघर साचलेलं पाणी पाहत फिरणाऱ्या, एकीच्या हातात बॅटरी. डासांच्या अळ्या आहेत का हे पाहायला ती कूलरपाशी गेली आणि ओरडलीच, "अवं बाई, हे काय पाळून ठेवलं? पाणी सांडून टाका हे आधी. डेंग्यू होते."

"अळी दाखव यातली एक," कुंताबाई म्हणाली. "असती तं यायनं खाल्ली असती."

"असं कोणं सांगतलं तुमाले?"

"आमच्या हौदानं."

ती बाई बॅटरी मारून बराच वेळ शोधत राहिली. अळी सापडली नाही. उज्वलाने चहा पुढे केला. जाताना बाई दारावर खडूने तारीख लिहून म्हणाली, "पुढच्या खेपेले मले हा कूलर कोरडा दिसला पाहिजे. माया नोकरीचा प्रश्न हाय, आजी." पुढची खेप म्हणजे किती दिवस? तोवर पाय फुटतील का? कुंताबाईला आता हा नवाच घोर लागला. आणि पाय फुटले तर पुढे काय? दुसऱ्या मजल्यावरून ही जाणार कुठे? तिने मनाशी ठरवलं, पाय फुटले की डब्यात घालून आपल्याबरोबर वावरात न्यायची, हौदात सोडायची. घरी जाण्याला असं एक निमित्त मिळालं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि निमित्त लागावं याचं वाईटही वाटलं.

फेस खचल्यानंतर काही दिवसांनी घरून पिशवी आली. गावचा ओमप्रकाश रोज दूध घेऊन सावंगीला यायचा, त्याच्या हाती खुशालने पालक पाठवला होता. कुंताबाईनेच फोनवर लकडा लावला होता. सुनेच्या अंगात रक्त कमी आहे, डॉक्टरने पालेभाजी सांगितली आहे, घरचा पालक पाठवा. पिशवी तिचीच, खताच्या गोणीची शिवलेली. तिने ती छातीशी धरली. भाजी करणाऱ्या सगळ्याच घरांत असतो तसा त्यांच्याही घरी बाजाराच्या भाजीपासून वेगळा एक वाफा होता, विहिरीच्या अंगाला, दोन खाटा मावतील एवढा. त्यात पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, थोडा चवळीचा पाला, जे घरात लागेल ते. त्या वाफ्याकडे फवारणीचा पंप कधी जायचा नाही. पानाला भोकं पडली तर पडली. बाजाराचे वाफे मोठे, त्यांना फवारा लागतोच. भोक पडलेलं पान बाजारात कोण हातात धरतं? ही रीत कोणी शिकवली नव्हती. सासूच्या वेळेपासून होती. घरच्या वाफ्यात खुशालचा हातही लागायचा नाही. पेरायची ती, निंदायची ती, तोडायची ती. पिशवी उघडली तेव्हा हिरवा वास नाकात गेला आणि तिला विहीर दिसली, मोटरीचा आवाज ऐकू आला, आणि ती पुढे काही पाहायची थांबली.

दुपारी उज्वलाने पालकाची डाळभाजी केली. ती दोन वेळा जेवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटात ठरलं म्हणाली. उरलेल्या दोन जुड्या फ्रीजमध्ये गेल्या. कुंताबाईने चार कोवळी पानं मऊ शिजवून, हाताने चुरगळून कूलरच्या पाण्यात सोडली. पिल्लं अशी धावली! पानाच्या कडेला डोकी लावून ओळीने कुरतडू लागली. ती स्टुलावर बसून पाहत राहिली. कोणाला तरी जेवताना पाहण्यात जे सुख असतं ते तिला या घरात आज मिळालं. डब्यातल्या पिल्लांना पान द्यायचं राहून गेलं. उद्या देऊ म्हणाली.

सकाळी ती गॅलरीत गेली तेव्हा पाणी हलत नव्हतं. आधी तिला वाटलं, डोळाच धुरकटला. चष्मा काढला. पिल्लं पोट वर करून तरंगत होती. काही पानाला तशीच चिकटून राहिली होती. एक-दोन खालीच गोल फिरत होती, एका अंगावर, गिरकी घेतल्यासारखी. तिने पाण्यात हात घातला, हलवून पाहिलं. मग जमिनीवरच बसली, आणि वाकायचं नाही हे बसल्यावर आठवलं. कोणी केलं? ती आरोग्याची बाई काल येऊन काही टाकून तर गेली नाही? पण दार उघडल्याशिवाय गॅलरीत येता येत नाही. मग कैलास. रात्री तो गॅलरीत फोनवर बोलत होता. त्याला हा कूलर माळ्यावर टाकायचा होता. लॅबमध्ये काय काय बाटल्या असतात. हा विचार तिच्या मनात इतका सरळ चालत आला की तिने त्याला बसायला जागाही दिली. मग तिला कैलास तीन-चार वर्षांचा दिसला, वावरात मेथीच्या जुड्यांवर झोपलेला, आणि तिने स्वतःच्याच गालावर हलकेच चापट मारली. गॅलरीतल्याच टेबलावर स्टीलचा डबा होता. त्यातली पिल्लं नेहमीसारखी फिरत होती. पाणी तेच. जागा तीच. फरक एवढाच की त्यांना पान दिलं नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. उज्वला अजून झोपली होती. फ्रीज उघडून तिने जुडी नाकाशी धरली. थंडीने वास दबला होता, पण देठांच्या बेचक्यात फवाऱ्याचा वास होता. तिला तो झोपेतही ओळखता आला असता. काल नाकाला का कळला नाही? काल नाक घरी गेलं होतं. आणि पान! एकाही पानाला भोक नव्हतं. नवा डोळा घेऊन बसली आहेस आणि एवढं दिसलं नाही तुला?

तिने गॅलरीत जाऊन फोन लावला.

"पालक कोणत्या वाफ्यातला पाठवला?"

"काऊन? चांगला नाई निघाला काय?" खुशालचा आवाज मोटरीच्या आवाजातून आला.

"कोणत्या वाफ्यातला?"

"मोठ्या. तुया वाफ्यात तं गवत माजलं, तू गेली तवापासून. मले एकट्याले कुठं जमते ते?"

"फवारा कवा मारलता?"

"आदल्या दिवशी सांजच्याले. अळी पडलती."

"अन् सकाळी तोडून पाठवला?"

"तूच तं जीव खाऊन राह्यलती, पाठव पाठव. धुऊन खा म्हणा. बाजारातले लोकं खातेच ना."

"तुमी खाल्ला?"

"मी कायले खातो. मी बेसन करतो रोज." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कुंता, येजो आता लवकर. मले करमत नाई."

एरवी एवढ्या एका वाक्यावर तिने दोन दिवस काढले असते. तिने फोन ठेवला. हातातली जुडी ओट्याच्या खाली कोपऱ्यात ठेवली, वर फडकं टाकलं, आणि उज्वलाला सांगायचं असं ठरवून तिच्या दाराशी गेली. दार लोटलेलं होतं. काय सांगायचं? पालक खाऊ नको, एवढं सांगितलं तर ती विचारणार, का? आणि मग सगळंच सांगावं लागणार. यात लपवण्यासारखं काय होतं? गावात कोणी लपवत नव्हतं. पण गावात कोणी विचारतही नव्हतं. देवळीच्या बाजारात गिऱ्हाईक विचारायचं, कुठली भाजी, बाई? ती सांगायची, आमच्याच वावरातली. खोटं ती कधी बोलली नव्हती. ती दारापासून परत आली. पुन्हा गेली. मग गॅलरीत येऊन तिने मेलेली पिल्लं ओंजळीने काढून कुंडीतल्या मातीत पुरली. हौदातही कधी कधी अशी पिल्लं उलटी तरंगायची, फवारणीचा पंप तिथे धुतल्यावर. उन्हाने मेली, सासू म्हणायची. तीही म्हणायची. उन्हाने. पावसाळ्यात कुठलं ऊन? दिवसभर ती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. दुपारचं जेवण भूक नाही म्हणून टाळलं. उज्वलाने दोनदा विचारलं, डोळा दुखतो का? पिल्लं गेली म्हणून तीही हळहळली, पाणी खराब झालं असेल म्हणाली, आणि डब्यातली पिल्लं पाहून आली. काल भाजी खाऊन उज्वलाला काही झालं नव्हतं, उलट तोंडावर तजेला होता. मग कशाला सांगायचं? होऊन गेलं. उरलेला पालक गुपचूप टाकून देऊ, संपलं. असं ठरवून कुंताबाईला दुपारी डोळा लागला. जाग आली तेव्हा घरभर लसणाच्या फोडणीचा वास होता. ती उठून धावत गेली. फडक्याखाली जुडी नव्हती. "फ्रीजमधली अन् ही, दोन्ही टाकल्या," उज्वला म्हणाली. "बाहेर राहून सुकली असती ना. तुम्ही दुपारी जेवल्या नाही, म्हटलं डाळभाजी पाहून तरी जेवाल."

कैलास आला, हातपाय धुऊन बसला. तिघांची ताटं मांडली. मधे डाळभाजीचा गंज, गॅसवरून तसंच उतरवून आणलेलं पातेलं, वर तर्री, बाजूला कांदा. उज्वलाने आधी सासूला वाढलं, मग नवऱ्याला, मग स्वतःला. पोळीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला. कुंताबाईने तिचं मनगट धरलं.

"खाऊ नको."

"काऊन?"

"फवाऱ्याची हाय. पिल्लं त्याच्यानं मेली."

उज्वलाला कळलं नाही. कैलासला कळलं. त्याने घास ताटात ठेवला आणि आईकडे पाहिलं. "तुया वाफ्यातली नाई?"

"नाई. बाबानं मोठ्या वाफ्यातली पाठवली."

"कोणता वाफा? काय बोलून राहिले तुम्ही दोघं?" उज्वलाने विचारलं. कुंताबाईनेच सांगितलं. एक वाफा घरचा असतो, दुसरे बाजाराचे. घरच्यावर फवारा मारत नाही. सगळेच तसं करतात. सांगायला इतकं थोडं होतं की तिला नवल वाटलं, दिवसभर आपण उचलत होतो ते हेच का. उज्वलाचा एक हात आपोआप पोटावर गेला.

"काल मी दोन वेळा खाल्ली."

"एवढ्यानं काई होत नाई," कैलास म्हणाला. "धुतली व्हती ना? उद्या डॉक्टरले विचारू."

"थांबा तुम्ही." उज्वला सासूकडेच पाहत होती. रागाने नाही, वर्गात न समजलेलं विचारावं तशी. "घरच्या वाफ्यातली तुम्ही खाता. मग दुसऱ्या वाफ्यातली कोण खाते?"

खाली रस्त्यावर एक गाडी मागे येताना टुंटुं वाजत राहिली आणि थांबली.

"आमच्या घरी तं देवळीच्या बाजारातूनच यायची," उज्वला म्हणाली. "आई पान पाहून घ्यायची. कीड नसलेलं."

कुंताबाईने गंज आपल्याकडे ओढला. पोळी घेतली, भाजीत बुडवली आणि खाल्ली. मग दुसरा घास. ताटात न घेता गंजातूनच, शेतात उशीर झालेल्या बाईसारखी, भराभर.

"आई! काय करून राह्यली?" कैलास उठून उभा राहिला.

तिने मान वर केली नाही. चव चांगली होती, हे तिला सोसेना. डोळ्यांतून पाणी आलं. ऑपरेशनच्या डोळ्यातून जास्त. पाणी येऊ द्यायचं नव्हतं, पुसायचंही नव्हतं. ती तिसऱ्या घासाला हात घालणार तोच उज्वलाने गंजाचा काठ धरला.

"सोडा, आई."

"मले खाऊ दे."

"नाही. सोडा."

गंज गरम होता. दोघींची बोटं पोळत होती, आणि दोघींपैकी कोणीही सोडत नव्हतं.